तारेवरचा रामराम

(गाझियाबाद येथे मराठी वाचकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ज्या छोट्या पुस्तकाच्या निमित्ताने आपण मला येथे बोलावले, ते बिनतारी संदेशनाचा छंद जोपासू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी मुळात इंग्रजीत लिहिलेले आहे. त्यातील यंत्रांची प्रकरणे मराठीत आणताना फारशी अडचण आली नाही. विद्युत्प्रवाह, चुंबक, तरंगलांबी ही परिभाषा आता आपल्याकडे चांगली रुळली आहे. अडचण आली ती सर्वांत सोप्या वाटणाऱ्या प्रकरणात. मोर्स-लिपीत एकमेकांना साधे नमस्कार कसे पाठवावेत, एवढाच त्या प्रकरणाचा विषय. प्रत्येक अक्षराचा नाद ध्यानात राहावा म्हणून मूळ लेखकाने त्या त्या नादाचे इंग्रजी शब्द दिले आहेत, आणि शेवटी इंग्रजी अभिवादनांची संक्षिप्त रूपे जोडली आहेत. शब्दाचा अर्थ दुसऱ्या भाषेत नेता येतो, त्याचा ठेका मात्र नेता येत नाही. तो आपल्या भाषेत नव्याने शोधावा लागतो. तो शोध घेताना जे हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवतो आहे, असे समजावे. विषय वरवर यंत्राचा असला, तरी पुष्कळसा भाषेचा आहे.

प्रथम 'तार' या शब्दाविषयी. मराठी घरांत दोन-तीन पिढ्या या शब्दाने धास्ती घेतली होती. दारात तारवाला उभा राहिला की लिफाफा फोडण्यापूर्वीच बायका पदर डोळ्यांना लावीत. दूरच्या गावी कोणी आजारी आहे किंवा गेले, एवढ्याच कारणासाठी सामान्य माणूस तारेचा खर्च करीत असे. सुखाची बातमी पत्राने आली तरी चालते, दुःखाची थांबू शकत नाही, असा तो व्यवहार होता. तारेच्या अंगी चिकटलेले हे अशुभ धुऊन काढण्याचे काम शुभेच्छांच्या तारांनी केले. तारखात्याने अभिनंदनाची व सणावारांची ठरावीक वाक्ये छापून त्यांना क्रमांक दिले होते. १ म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, २ म्हणजे ईद मुबारक, ८ म्हणजे वधूवरांना दीर्घ व सुखी वैवाहिक जीवनाच्या शुभेच्छा. पाठविणाऱ्याने अर्जावर फक्त क्रमांक लिहावयाचा. तारेवरून तो क्रमांकच धावत जाई, आणि पलीकडच्या कचेरीत त्याचे पुरे वाक्य होऊन सुशोभित कागदावर उतरत असे. लग्नाच्या मांडवात या तारा मोठ्याने वाचून दाखविण्याची पद्धत होती. वाचणारा गृहस्थ एकामागून एक तेच वाक्य निरनिराळ्या नावांनिशी वाचीत असे, आणि तरीही ते ऐकण्यास मंडळी थांबत असत.

अनुवाद करणाऱ्याला या व्यवस्थेत एक गमतीची आणि थोडी खिन्न करणारी गोष्ट दिसते. विदर्भातल्या एखाद्या गावचा मामा मनात मराठीत आशीर्वाद देई, कागदावर ८ हा आकडा लिही, आणि भाचीच्या हाती इंग्रजी वाक्य पडे. मध्ये भाषांतर झाले होते, परंतु ते कोणी केले नव्हते. 'सौ. कां.' नव्हते, 'चि.' नव्हते, 'अनेक उत्तम आशीर्वाद' नव्हते. या मुद्द्याकडे मी पुन्हा येईन.

आपण जेथे जमलो आहोत ते गाव दिल्लीहून मेरठला जाणाऱ्या वाटेवरचे आहे, आणि हिंदुस्थानातील तारेच्या इतिहासात ही वाट अपरिचित नाही. १० मे १८५७ रोजी, रविवारी, मेरठेत उठाव झाला आणि दिल्लीच्या तारकचेरीला मेरठकडून उत्तर मिळेनासे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीचा प्रमुख चार्ल्स टॉड बिघाड कोठे आहे हे पाहण्यासाठी यमुनेच्या दिशेने गेला तो परत आला नाही. मागे राहिलेल्या ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या दोघा तरुण तारवाल्यांनी दिल्लीतील हकीगत अंबाल्यास कळविली. त्याच महिन्याच्या अखेरीस येथल्या हिंडन नदीच्या काठी लढाई झाली. राज्यकर्त्यांनी आपल्या त्या तारवाल्यांचे स्मारक १९०२ साली दिल्लीत उभारले. तारेचे मोल उठाव करणाऱ्यांनीही तितकेच ओळखले होते, म्हणून तर त्यांनी जागोजाग तारा तोडल्या. मला येथे एवढेच दाखवावयाचे आहे की, तारेवर माणूस प्रथम जे विचारतो ते 'तू तेथे आहेस ना?' हे होय. पलीकडून 'आहे' असे उत्तर येईपर्यंत मजकुराला अर्थ नसतो. समोरासमोर भेटलेली माणसे नमस्कार वगळूनही बोलू शकतात. तारेवर, आणि पुढे बिनतारीवर, ते शक्य नाही. येथे नमस्कार हा शिष्टाचाराचा अलंकार नसून मार्ग शाबूत असल्याची खूण आहे.

याच गाझियाबादेत १९७५ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि भारत सरकार यांच्या सहकार्याने प्रगत दूरसंचार प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. तेथे शिकवावयाचे ते पुढच्या काळाचे तंत्र. तारेच्या कडकट्टाचा काळ तेव्हाच मागे पडू लागला होता. असो.

आता मूळ विषयाकडे वळू. सॅम्युएल मोर्स आणि त्याचा सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी अमेरिकेत ही पद्धत सिद्ध केली आणि १८४४ साली वॉशिंग्टन-बाल्टिमोर तारेवर तिचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. व्हेलने छापखान्यात जाऊन कोणत्या अक्षराचे खिळे किती आहेत ते मोजले, अशी कथा सांगतात. इंग्रजीत जे अक्षर अधिक लागते त्याला आखूड खूण, जे क्वचित लागते त्याला लांब खूण, हे धोरण त्यातून निघाले. म्हणून 'ई' या रोमन अक्षराला एकच बिंदू आणि 'टी'ला एकच रेघ. पुढे जर्मनीत गेर्केने त्यात सुधारणा केली, आणि १८६५ नंतर तीच आंतरराष्ट्रीय मोर्स म्हणून रूढ झाली. म्हणजे हा पोशाख इंग्रजीच्या अंगासाठी बेतलेला आहे, हे लक्षात ठेवून आपण तो घालावयाचा. आपल्याला घडोघडी लागणारा 'क' त्यात 'डा-डि-डा' असा तीन खुणांचा आहे, ही आपली थोडी गैरसोयच.

बिंदूचा उच्चार 'डि' आणि रेघेचा 'डा' असा करण्याची जगभर प्रथा आहे. काळाचे माप असे: 'डि' एका मात्रेचा, 'डा' तीन मात्रांचा, एकाच अक्षरातील दोन खुणांमध्ये एक मात्रा शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. ही शांतताच नवशिक्याला सर्वांत अवघड जाते. वाजविणे लवकर येते. थांबणे उशिरा येते. वेग मोजण्यासाठी 'पॅरिस' हा शब्द प्रमाण मानतात, कारण रोमन लिपीतील त्याची पाच अक्षरे आणि पुढची शांतता मिळून बरोबर ५० मात्रा होतात.

आपला 'नमस्ते' रोमन अक्षरांत पाठवून पाहा: डा-डि, डि-डा, डा-डा, डि-डा, डि-डि-डि, डा, डि. सात अक्षरे, पण एकाही अक्षरात तीनपेक्षा अधिक खुणा नाहीत. अक्षरांच्या मात्रांची बेरीज ३१ येते, आणि 'पॅरिस'च्या अक्षरांचीही ३१च येते. दोन अक्षरे अधिक असल्यामुळे मधल्या शांततेचा काय तो फरक. मिनिटाला पाच शब्द या अगदी सावकाश गतीने हा 'नमस्ते' बारा सेकंदांच्या आत संपतो. परक्या मापाने बेतलेल्या लिपीत आपला शब्द इतका सैल बसावा, हा योगायोग खरा, परंतु नवशिक्याने त्याचा लाभ अवश्य घ्यावा. एन, ए, एम, एस, टी, ई एवढी सहा अक्षरे आली की पहिला नमस्कार पाठविता येतो. 'नमस्कार' म्हणावयाचे तर आणखी 'के' आणि 'आर' शिकावी लागतात, आणि वेळ साडेसोळा सेकंदांवर जातो.

पण ही सहा किंवा आठ अक्षरे कानात बसवावयाची कशी? येथेच मूळ पुस्तकातील इंग्रजी शब्द कुचकामी ठरले, आणि येथेच छंदःशास्त्र मदतीला आले.

मराठीच्या वर्गात आपण सर्वांनी लघु आणि गुरू शिकले आहेत. ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर गुरू. पुढे जोडाक्षर आले व त्याचा आघात पडला की मागचे ऱ्हस्वही गुरू. तीन तीन अक्षरांचे आठ गण होतात, आणि ते पाठ राहावेत म्हणून 'यमाताराजभानसलगा' हे जुने सूत्र आहे. पुष्कळांना ते शाळेत छळवादी वाटले असेल. तेच सूत्र आता मोर्सच्या तक्त्याशेजारी ठेवा. यमाता, म्हणजे लघु-गुरू-गुरू: डि-डा-डा. हे रोमन 'डब्ल्यू'. मातारा: डा-डा-डा, 'ओ'. ताराज: डा-डा-डि, 'जी'. राजभा: डा-डि-डा, 'के'. जभान: डि-डा-डि, 'आर'. भानस: डा-डि-डि, 'डी'. नसल: डि-डि-डि, 'एस'. सलगा: डि-डि-डा, 'यू'. मोर्समध्ये तीन खुणांची अक्षरे आठच आहेत आणि ती आठही येथे आली. शेवटचे ल आणि ग हे 'ई' आणि 'टी'. संकटसमयी जहाजे जी हाक देतात तिचे, आपल्या परिभाषेत, न-गण, म-गण, न-गण असे रूप होते.

यात चमत्कार काही नाही. दोन प्रकारच्या खुणा तीन स्थानांवर मांडण्याच्या रीती आठच असू शकतात. पिंगलाच्या छंदःशास्त्रात या मांडणीला प्रस्तार म्हणतात. एका स्थानाच्या दोन, दोन स्थानांच्या चार, तीनांच्या आठ, चारांच्या सोळा, मिळून तीस. आंतरराष्ट्रीय मोर्सने या तिसांपैकी सव्वीस रोमन अक्षरांना वाटून दिल्या. चार खुणांच्या सोळापैकी चार रिकाम्या राहिल्या. ज्याने प्रस्तार एकदा मांडला आहे त्याला मोर्सचा तक्ता परका वाटण्याचे कारण नाही. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा: आपला गुरू दोन मात्रांचा, मोर्सचा 'डा' तीन मात्रांचा. गुरू थोडा अधिक लांबवावा, इतकेच.

मग वृत्ते गाणाऱ्या माणसाच्या कानात ही अक्षरे आधीपासून पडून आहेत, असेच म्हणावे लागेल. रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, आणि भुजंगप्रयाताच्या चरणात चार य-गण येतात. ज्या घरात संध्याकाळी ते श्लोक म्हटले गेले, त्या घरातील मुलाने 'डब्ल्यू' हे अक्षर एका चरणात चार वेळा म्हटलेले आहे. त्याला तसे कोणी सांगितले नाही, एवढेच.

येथून पुढे एक पाऊल टाकले. गणांऐवजी अभिवादनाचे शब्दच लघु-गुरूंनी मोजून पाहिले. 'नमस्ते': न लघु, पुढील जोडाक्षरामुळे म गुरू, स्ते गुरू. डि-डा-डा, पुन्हा 'डब्ल्यू'. 'नमस्कार': लघु, गुरू, गुरू, लघु, डि-डा-डा-डि, हे 'पी'. 'सलाम': डि-डा-डि, 'आर'. 'प्रणाम'ही तोच. आदिवासी बांधवांचा आणि अभंगांतून ऐकलेला 'जोहार': डा-डा-डि, 'जी'. महानुभावांचा 'दंडवत': डा-डि-डि-डि, 'बी'. 'जय हिंद' आणि 'जय भीम' दोन्ही डि-डि-डा-डि, म्हणजे 'एफ'. निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. तो 'येतो' डा-डा, म्हणजे 'एम'.

आणि 'राम राम'? गुरू-लघु, गुरू-लघु: डा-डि-डा-डि. हे 'सी' अक्षर. बिनतारीवर अनोळखी माणसांना उद्देशून जी सर्वसाधारण हाक घालतात, 'कोणीही ऐकत असाल तर बोला' या अर्थाची, ती 'सी' आणि 'क्यू' या दोन अक्षरांची आहे. 'क्यू'चा नाद डा-डा-डि-डा. त्यासाठी मी 'या या घरा' हे तीन शब्द योजिले. म्हणजे जगातला कोणताही हौशी बिनतारीवाला, तो जपानी असो की ब्राझीलचा, पहिली हाक घालतो तेव्हा मराठी कानाला ती 'राम राम, या या घरा' अशी ऐकू येण्यास हरकत नाही. अनुवादाच्या कामात असे सुख फार वेळा लाभत नाही.

छंदाचे जाणकार येथे एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. बोलताना आपण 'राम' मधला अंत्य अकार पुरता उच्चारीत नाही. 'राम्' असेच म्हणतो. तेव्हा हे शब्द बोलीच्या पद्धतीने न म्हणता वृत्तात म्हणतात तसे, प्रत्येक अक्षर मोकळे करून म्हणावयाचे आहेत. दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा. शब्दांच्या आधाराने अक्षर शिकलेला विद्यार्थी वेग वाढला की अडखळतो. 'डि-डा-डा-डि' ऐकायचे, त्यावरून 'नमस्कार' आठवायचा, त्यावरून 'पी' लिहायचे, इतकी वळणे घेईपर्यंत पुढची तीन अक्षरे निघून गेलेली असतात. आक्षेप खरा आहे. माझे उत्तर एवढेच की, पांगुळगाडा आयुष्यभर चालविण्यासाठी नसतो. पहिल्या आठ दिवसांची भीती मोडणे हे त्याचे काम. पुढे अक्षर ऐकू आले की हाताने ते लिहावे. मध्ये शब्द येऊ देऊ नये.

यासाठी ज्या दोन रीती जगात मान्य झाल्या आहेत त्या पुस्तकात सविस्तर आहेत, येथे त्यांचा निर्देश पुरे. लुडविग कोख या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात असे सुचविले की, आरंभापासून पुऱ्या वेगाने, परंतु दोनच अक्षरे ऐकवावीत. ती ओळखू आली की तिसरे घालावे. दुसरी रीत फार्न्सवर्थ याच्या नावाने ओळखतात: अक्षर वेगाने वाजवावे, पण दोन अक्षरांमधील शांतता लांबवावी. दोन्हींचे मर्म एकच आहे. अक्षर हा बिंदू-रेघांचा हिशेब न राहता एक आकार म्हणून कानात शिरला पाहिजे. तबला शिकणारा 'धा' ऐकताना त्यात डग्ग्याचा वाटा किती आणि चाटीचा किती हे मोजीत बसत नाही. म्हणूनच कागदावर बिंदू-रेघांचा तक्ता छापून तो घोकण्याची जी चाल आपल्याकडे पडली आहे ती मला हानिकारक वाटते, आणि प्रकाशकांना विनंती करून तो तक्ता मी पुस्तकाच्या आरंभातून काढून शेवटी नेला आहे.

चावी धरण्याविषयी थोडेसे. अंगठा व दोन बोटे यांत तिची मूठ हलकी धरावी, कोपर मेजावर टेकलेले असावे, आणि दाब मनगटातून यावा. बोटांनी टोचू नये. प्रत्येकाच्या हाताला कालांतराने स्वतःची लकब येते. जुने तारवाले पलीकडे कोण बसले आहे हे नाव विचारण्यापूर्वीच ओळखीत.

आता मघाशी अर्धवट सोडलेल्या मुद्द्याकडे. मराठी नमस्कार रोमन लिपीत पाठविणे ही तडजोड आहे. देवनागरीला तारेवर जागा मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, जेव्हा तारखात्याने देवनागरी लिपीतील तारा स्वीकारण्यास आरंभ केला. त्यासाठी वेगळा संकेत-तक्ता लागला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील आपले थोर भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी-उर्दूविषयक इंग्रजी ग्रंथात असा तक्ता दिलेला आहे. पुढे ज्यांना 'रुजुवात'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेच हे केळकर. एका भाषाशास्त्रज्ञाला तारेच्या खुणा नोंदवून ठेवाव्याशा वाटल्या यात नवल नाही. लिपीचा स्वभाव तारेवर चढवितानाच उघडा पडतो. रोमन अक्षरे एकापुढे एक उभी राहतात. देवनागरीत मात्रा वर चढते, उकार खाली लोंबतो, ऱ्हस्व वेलांटी उच्चारात मागून येऊन लेखनात पुढे बसते, आणि 'नमस्कार'मधला स अर्धा होऊन क ला टेकतो. तारेला वर-खाली नाही, तिला फक्त आधी-नंतर आहे. म्हणून तारवाल्याला जोडाक्षराचा पाय मोडावा लागतो, मात्रा व्यंजनामागून धाडावी लागते. लहान मूल 'क ला काना का' म्हणते तशाच रीतीने सारी देवनागरी उलगडून सांगावी लागते.

एका बाबतीत मात्र मराठी तारेला फार सोयीची. तारेचा आकार शब्दांच्या संख्येवर असे, आणि आमचे प्रत्यय शब्दाला चिकटून असतात. 'पुण्याहून' हा एक शब्द. इंग्रजीत त्याचे दोन होतात. मराठीने ही काटकसर तारेसाठी शिकलेली नाही. जुन्या पत्रांचे मायने पाहा. 'सा. न. वि. वि.', 'कृ. सा. न. वि. वि.', 'शि. सा. न.', 'अ. उ. आ.', 'ती.', 'चि.': आदर, वय, नाते, सारे एका-दोन अक्षरांत. इंग्रजी तारवाल्यांनी 'गुड मॉर्निंग'चे 'जी एम' केले आणि 'थँक यू'चे 'टी यू' केले, तेव्हा आमचे कारकून हीच युक्ती पिढ्यान्‌पिढ्या करीत आलेले होते. भेद इतकाच की इंग्रजी संक्षेपात सर्वांना एकच मापाचा नमस्कार आहे. आमच्या संक्षेपात वडिलांचा वेगळा, धाकट्याचा वेगळा, परक्याचा वेगळा.

अनुवादातील माझी खरी कसोटी या ठिकाणी लागली. बिनतारीवरील संभाषणाच्या शेवटी ७३ हा आकडा पाठवितात. १८५० च्या दशकात अमेरिकेतील तारवाल्यांनी नेहमीच्या वाक्यांना क्रमांक दिले त्यांतला हा एक. त्याचा अर्थ आरंभी प्रेमाचा होता, मग औपचारिक अभिवादनाचा झाला, आणि अखेर 'शुभेच्छा' या मध्यम पट्टीत स्थिरावला. मोर्समध्ये त्याचे रूप मोठे डौलदार आहे: डा-डा-डि-डि-डि, डि-डि-डि-डा-डा. पुढून वाचा की मागून, सारखेच. या आकड्याचे मराठी काय करावे? 'शुभेच्छा' म्हटले तर तो सभेच्या निमंत्रणपत्रिकेतला वाटतो. 'नमस्कार' म्हटले तर भेटीचा की निरोपाचा, कळत नाही. आकड्याऐवजी मराठी अक्षरे घालावीत, असेही एका हितचिंतकाने सुचविले. ते मला मान्य झाले नाही. आकडा कोणत्याच भाषेचा नसतो. म्हणूनच तो ओसाकाच्या माणसाला आणि उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, माणसाला सारखाच कळतो. तो जसाच्या तसा ठेवणे हाच त्याचा योग्य अनुवाद. परंतु नवशिक्याने तो पाठविताना मनात कोणते वाक्य म्हणावे, हे सांगणे अनुवादकाचे काम आहे. मी लिहिले: 'लोभ असावा'. पेशवाईच्या पत्रांत 'बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे' असा शेवट येतो, आणि कालपरवापर्यंत घरोघरची पत्रे याच शब्दांनी संपत असत. त्यात प्रेम आहे, पण सलगी नाही. निरोप आहे, पण तोडणे नाही. ८ क्रमांकाच्या तारेत मामाचा मराठी आशीर्वाद हरवला तो आकड्यामुळे नव्हे. आकड्याच्या मागे आपले वाक्य कोणी ठेवले नव्हते म्हणून हरवला.

या पुस्तकाविषयी हटकून विचारला जाणारा प्रश्न: आता याचा उपयोग काय? भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. हौशी बिनतारीच्या परवान्यासाठी मोर्स आलीच पाहिजे, ही आंतरराष्ट्रीय अट २००३ साली जिनीव्हा येथील परिषदेने उठविली. पोटापाण्यासाठी आज ही विद्या कोणी शिकत नाही, हे उघड आहे. तरीही हौशी मंडळी ती शिकतात, कारण क्षीण शक्तीच्या यंत्रावरून, गोंगाटातून, जेथे माणसाचा आवाज फाटतो तेथे हा एकसुरी नाद पोहोचतो. आणखी एक उपयोग अलीकडचा आहे. ज्यांना हात किंवा वाचा पुरेशी साथ देत नाही अशा माणसांना एक-दोन कळांवर लिहिता यावे म्हणून २०१८ साली गुगलच्या मोबाइलवरील टंकफलकात मोर्सची सोय करण्यात आली. ज्याला एकच बोट हलविता येते, त्याच्यासाठी 'मी आहे' हे सांगण्याचा हा मार्ग आहे, आणि त्याला उपयोग विचारण्याची कोणाची प्राज्ञा नाही.

येथे जमलेल्या मुलामुलींसाठी दोन व्यावहारिक गोष्टी सांगून थांबतो. हवेत संदेश सोडावयाचे तर सरकारी परवाना घ्यावा लागतो. तो मिळाल्यावर भारतीयांना 'व्ही यू' या अक्षरांनी सुरू होणारे हाक-नाव मिळते. पण दोन खोल्यांमध्ये तार ओढून, घंटीच्या कळीवर किंवा लहानशा गुंजकावर सराव करण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. आरंभ 'नमस्ते'च्या सहा अक्षरांनी करावा, एका बैठकीत दोनच अक्षरे घ्यावीत, आणि बैठक पंधरा मिनिटांपेक्षा लांबवू नये. कान थकला की चुकीचे ऐकतो आणि चुकीचेच लक्षात ठेवतो.

दुसरी गोष्ट संभाषणाच्या शेवटाची. ७३ झाला, नावे झाली, सारे संपले, की जुने जाणते एक शेवटची खूण करतात. तिला कोणत्याही नियमपुस्तकाचा आधार लागत नाही. चावीला दोनदा हलकेच बोट लावावयाचे: डि-डि. पलीकडचा ऐकत असेल तर तोही तेवढेच करतो: डि-डि. मगच यंत्र बंद करावे.